आत्याच्या पाठीतले बुक्के

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगून झालं की बायका आत्याच्या पाठीत बुक्के घालतात. मागच्या बारशाला मात्र माझ्या नणंदबाई नाव सांगताच बाथरूमकडे पळाल्या होत्या. 'नखरे!' बायका म्हणाल्या होत्या. गर्भाशय खाली सरकून अंग बाहेर येतंय, जरा धक्का बसला की लघवी आवरत नाही, हे त्यांचं ऑपरेशन ठरलं तेव्हा घरात कळलं.

आज, ऑपरेशननंतरच्या पहिल्या बारशाला, त्याच नणंदबाई पाळण्यावर वाकून म्हणाल्या, "मारा गं, जोरात मारा!"

सगळ्या खळखळून हसल्या. हसताहसता मी पटकन पाय आवळले. साडी ओली तर नाही ना झाली? उठावं, की बसूनच राहावं? या घोळक्यात आणखी कितीजणी अशाच बसल्या असतील?

"वहिनी, दाराशी का बसलात?" नणंदबाईंनी विचारलं.

"इथे वारा येतो."

त्या हसल्या नाहीत; जवळ वाकून हळूच म्हणाल्या, "मीही हेच सांगायचे."