नूरजहांबीची टोपली आणि गुरुवारची चावडी

नूरजहांबी रेडिओवर गेली ती काही बोलायला म्हणून नाही. डोणगावच्या पेठेत खताच्या दुकानावर दोन खोल्यांत गावरेडिओ सुरू झाला, तेव्हा तिथल्या पोरांना गावोगावच्या बातम्या आणाव्यात कुठून हेच कळेना. बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन डोणगावपासून लोणारपर्यंतची खेडी पालथी घालणाऱ्या या मनियारणीला खालच्या दुकानदाराने सहज विचारलं, "काय चाची, जानेफळकडे काय नवीन?" चाचीने उभ्या उभ्या जे सुरू केलं, ते वर माडीपर्यंत ऐकू गेलं. रेडिओ चालवणारा जीवन धावत खाली आला आणि तिला टोपलीसकट वर घेऊन गेला.

आता दर गुरुवारी सकाळी तिची 'गुरुवारची चावडी' लागते. भारूडवाले येतात, कव्वाल येतात, कुणाच्या गावची एसटी का बंद झाली यावर फोनवरून भांडणं होतात आणि नूरजहांबी ती मजेत लावून देते. तिचा नवरा फकीर मोहम्मद बाजारात बांगड्यांचं दुकान लावतो. चावडीच्या वेळी तो रेडिओ इतका मोठा करतो, की गिऱ्हाइकाला रंग खुणेने दाखवावा लागतो.

पण या गुरुवारी चावडीच पणाला लागली होती. महिला सरपंचांना चावडीवर बोलवायचं, ही कल्पना तिचीच. पहिल्या बाई आल्या त्या नवऱ्याला घेऊन. दुसऱ्या आल्या त्या नवरा आणि दीर दोघांना घेऊन. नूरजहांबीने प्रश्न बाईला विचारायचा आणि उत्तर बाप्यानं द्यायचं, असे दोन्ही कार्यक्रम पार पडले. ऐकणाऱ्यांनी मग चाचीचीच फिरकी घेतली. एकाने तर फोन करून विचारलं, "चाची, बाई आणली होती का नुसतं बाईचं नाव आणलं होतं?"

जीवनने त्या सकाळी तिला बाजूला घेतलं. पोरगा भला, पण स्पष्ट बोलणारा.

"चाची, आजही बाप्याचाच आवाज आला तर हा तास मी गाण्याईले देऊन टाकतो. लोकं ऐकून नाही राह्यले, मी तरी काय करू?"

गाण्यांना तास म्हणजे चावडी बंद. नूरजहांबी हसली खरी, पण तिला रडू येत होतं. जन्मभर दारोदार बोललेली बाई ती. एकदा साऱ्या शिवाराने कान दिल्यावर पुन्हा एकेका उंबऱ्यापुरतं बोलायचं, हे तिला सोसणारं नव्हतं.

पाहुण्या आल्या त्या अन्नपूर्णाबाई, जानेफळकडच्या एका खेड्याच्या सरपंच. पुढे कडक इस्त्रीतला नवरा शालिग्राम, मागे त्या. गावात सरपंच म्हणतात ते शालिग्रामला आणि सरपंचाची बायको म्हणतात ती निवडून आलेल्या बाईला. असा कारभार! चार वर्षं तो सुरळीत चाललाय आणि कुणाला त्यात काही वावगं दिसत नाही, हे आणखी विशेष.

लाल दिवा लागला. नूरजहांबीने विचारलं, "ताई, सरपंच झाल्यावर पह्यलं काम कोणतं केलं?"

अन्नपूर्णाबाईंनी तोंड उघडलं, माईककडे हात नेला आणि तेवढ्यात शालिग्रामने माईक आपल्याकडे ओढला. बाईंचं मनगट टेबलाच्या कडेवर आपटलं. बांगड्यांची काच वाजली. शालिग्राम मात्र सुरू झाला होता, "आम्ही गावाच्या तोंडाशी भव्य कमान उभी करून राह्यलो..."

खोलीच्या काचेपलीकडे यंत्रांशी बसलेल्या जीवनने कपाळाला हात लावला. नूरजहांबीने त्याला खूण केली, तसं त्याने गाणं लावलं आणि लाल दिवा विझला.

चाचीचं लक्ष कमानीकडे नव्हतं. ते बाईंच्या हाताकडे होतं. दोन्ही बांगड्या वाढल्या होत्या, टेबलावर हिरवी काच पडली होती आणि मनगट ओकं झालं होतं.

"शालिग्रामभाऊ," ती म्हणाली, "सवाष्णीचा हात ओका राह्यला. टोपली सोबतच हाये. भरून देऊ का?"

"हाव, भरा ना," शालिग्राम म्हणाला. आपल्याच ओढण्याने हे झालं म्हणून तो जरा वरमला होता. म्हणाला आणि उठून बाहेर गेला.

आता तो का उठला, हे आपल्याकडे सांगायला नको. बायका बांगड्या भरायला बसल्या, की घरातला पुरुष तिथे थांबत नाही. सासरा ओसरीवर जातो, नवऱ्याला एकाएकी शेताची आठवण येते. लहानपणापासूनची ही सवय शालिग्रामला उठवून दाराबाहेर घेऊन गेली. दार लागलं, गाणं संपलं आणि जीवनने दिवा पेटवला. लाल दिवा असताना दार उघडायचं नाही, ही पाटी बाहेर मोठ्या अक्षरांत लावलेली होती. शालिग्राम ती वाचत उभा राहिला. डोक्यावर स्पीकर होता आणि त्यातून चावडीच ऐकू येत होती.

जीवननेही भिडेपोटी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं.

बाईंना फसवून बोलतं करायचं नूरजहांबीच्या मनात नव्हतं. तिने दिव्याकडे बोट दाखवलं. "ताई, दिवा लागला. आता सगळे आयकून राह्यले. मनात नसंन तर गाणं लावू."

अन्नपूर्णाबाईंनी दिव्याकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. मग हात पुढे केला.

"भरा," त्या म्हणाल्या. "आन् विचारा."

नूरजहांबीने तो हात आपल्या हातात घेतला, बोटं जुळवून दाबली आणि पहिली बांगडी चढवली. बांगड्या भरताना बाई गप्प बसत नाही, हे तिला साऱ्या आयुष्यात कळलेलं. हात दुसऱ्याच्या हातात असला, की तोंड आपोआप मोकळं होतं.

"कमानीचं भाऊ सांगून राह्यले होते."

"कमान कोनाले पाह्यजे?" बाई म्हणाल्या. "गावात येनाऱ्याले गाव दिसतेच ना. मले शाळेपुढं ओटा पाह्यजे, वरून टिनाचा. दिवसा पोरी अभ्यासाले बसतीन, सांजच्याले भारूडवाले बसतीन. आमच्या गावचं भारूड आयकाले लोक दुरून येतेत आन् ते बिचारे रस्त्यावर उभे राहून गातेत."

बांगड्या किणकिणत होत्या आणि बाई बोलत होत्या. शेवटच्या आळीपर्यंत नळ का पोहोचला नाही, दवाखान्याची बाई कोणत्या वारी येते, सगळं. फोनचे दिवे लुकलुकायला लागले. जीवनने न वळताच एक फोन जोडला.

"मी उकंडराव, भारूडवाला. आपल्याच गावचा," म्हातारा आवाज आला. "सरपंचबाईचा आवाज चार वर्सात आज आयकला. ओट्याचं लय चांगलं बोलल्या तुमी. पन सोमवारच्या गावसभेत हेच बोलसान का? का रेडिओपुरतंच?"

शेवटची बांगडी अंगठ्याच्या सांध्यावर अडली होती. अन्नपूर्णाबाई काही बोलेनात. रेडिओवर असं गप्प बसून चालत नाही. जीवन भीड सोडून गर्रकन वळला, हातवारे करायला लागला. नूरजहांबीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अडलेली बांगडी घाईने ढकलली तर फुटते, आणि हाताला लागतं ते वेगळंच. ती सांधा हळूहळू चोळत राहिली. चावडी जाते का राहते, ते या हातावर होतं.

"बोलीन," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "सोमवारी खुर्चीवर मी बसीन आन् मीच बोलीन. तुमी समोर बसा, उकंडरावबाबा. म्हंजे मले धीर राहीन."

बांगडी चढली. रिवाजाप्रमाणे बाई वाकून नूरजहांबीच्या पाया पडल्या. चाचीने हाताने खूण केली आणि जीवनने दिवा विझवला.

"चाची," तो आत येऊन म्हणाला, "फोन थांबूनच नाही राह्यले. पुढच्या गुरुवारी टोपली इसरू नका." गाण्यांचं नाव त्याने काढलं नाही. नूरजहांबीला इतका आनंद झाला, की टोपलीवर फडकं बांधताना तिची गाठच बसेना.

मग शालिग्राम आत आला. त्याचाही फोन वाजत होता, पण तो उचलत नव्हता.

"ओट्याचं आधी मले तरी सांगायचं ना," तो म्हणाला. रागापेक्षा त्याला लागलेलंच जास्त होतं.

"चार वर्स झाले, घरात सांगून राह्यली," अन्नपूर्णाबाई पदर सारखा करत म्हणाल्या. "तुमाले आज आयकू आलं."

दोघं जिना उतरायला लागले. टोपली डोक्यावर घेऊन नूरजहांबी त्यांच्या मागेच होती, म्हणून तिला ऐकू आलं. अर्ध्या जिन्यात थांबून तो बायकोला विचारत होता, "केवढा म्हनत होती तू, ओटा?"