सरांचा अर्धा धडा

"पुरावा?" असं म्हणून सर उजवा हात पुढे करायचे. तळवा वर, देवळात तीर्थ घ्यायला धरतो तसा. बोलणारा त्यावर काहीतरी ठेवील म्हणून तो हात तसाच राहायचा आणि बोलणाऱ्याची बोबडी वळायची. असा एखादा मास्तर तुम्हालाही भेटला असेल. आम्हाला पोलादपूरच्या शाळेत विज्ञानाला होता.

आमच्या वर्गातल्या एकाने कशेडी घाटात पांढऱ्या लुगड्यातली बाई पाहिली होती. सरांचा हात पुढे आला. दुसऱ्या दिवशी तो पठ्ठ्या खरोखरच पांढऱ्या कापडाची चिंधी घेऊन आला, म्हणे तिच्या पदराची. सरांनी ती उजेडात धरली, उलटीपालटी केली, वास घेतला आणि म्हणाले, "बाई तंबाखू खाते वाटतं. आजोबांची बंडी त्यांना परत दे." त्या दिवसापासून त्या बाईने कशेडी सोडला.

मी पुढे महाडच्या एका रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबमध्ये चिकटलो. सर रक्तातली साखर तपासायला यायचे. मला पाहिलं की दंड पुढे करत. "काय रे डासा, आज किती पिणार?" माझ्या हाताखालच्या मुलींसमोर मला डास म्हटलेलं आवडायचं नाही, पण सरांना कोण सांगणार.

निवृत्तीनंतर ते कुडपणच्या वाटेवरच्या आपल्या वाडीत राहायला गेले. साथ आली तेव्हा मुंबईहून माणसं लोंढ्यांनी गावी परतली आणि वाडी भीतीने गप्प झाली. सरांच्या परसातल्या कडुनिंबावर गुळवेल चढलेली होती. सरांनी अंगणात चूल मांडली, मोठं पातेलं चढवलं आणि जाईल येईल त्याच्या हातात काढ्याचा पेला द्यायला सुरुवात केली. सोबत शाळेतला धडा असायचाच. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे आपले शिपाई. त्यांना बळ द्या. "प्रतिकारशक्ती जास्त झाली म्हणून आजवर कुणी मेलंय का?" असं विचारून ते हसायचे. मीही तो काढा कितीदा तरी प्यालोय. जिभेच्या मुळाशी बसतो तो कडूपणा, पाण्यानेही जात नाही. तेव्हा मात्र कुणी सरांकडे पुरावा मागितला नाही आणि सरांनीही स्वतःकडे मागितला नाही. सगळेच मरणाला घाबरले होते, त्यात सरही आले.

साथ गेली, काढा राहिला. आता त्या वाड्यांमधून कुणाला शिंक आली तरी लोक वेल ठेचतात. हे सरांनी शिकवलेलं.

मग एक दिवस सर लॅबमध्ये आले ते बाटली घेऊनच. "डासा, हे बघ. ताकासारखा फेस येतोय." लघवीत प्रथिनं भरमसाट जात होती. त्या सुमारास मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई आमच्या लॅबमध्ये येऊन बसायच्या. शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच मूत्रपिंडावर का उलटते, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं आणि महाड-पोलादपूर या दोन्ही तालुक्यांतले रुग्ण त्यांना हवे होते. त्यांनी सरांना मुंबईला नेलं, सुईने मूत्रपिंडाचा कण काढला आणि पुढच्या खेपेला निदान सांगितलं. जी प्रथिनं रोगाशी लढायला रक्तात फिरतात, तीच सरांच्या मूत्रपिंडाच्या गाळणीत अडकून बसली होती आणि तिथेच लढाई जुंपली होती.

सरांचा हात पुढे आला. "पुरावा?"

बाईंना गंमत वाटली असावी. त्यांनी संगणकावर त्या कणाचा फोटो दाखवला. काळ्याभोर अंधारात हिरवे ठिपके, झाडावर काजवे बसावेत तसे.

"हे जे चमकतंय ते शत्रू?" सरांनी विचारलं.

"नाही सर. ते तुमचेच. शत्रू कुणीच नाहीये."

सरांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग म्हणाले, "म्हणजे मी जन्मभर चुकीचं शिकवलं."

"चुकीचं नाही. अर्धं शिकवलंत," बाई म्हणाल्या.

दुसरा कुणी असता तर खचला असता. सर मात्र घरी जाताना उत्साहात होते. उरलेला अर्धा धडा आपल्या रक्तातून लिहिला जाणार याचं त्यांना अप्रूप होतं. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घ्यायच्या, ठरल्या दिवशी रक्त द्यायचं आणि ते ठिपके घडवणारी प्रथिनं रक्तात कमी होतात का ते बघायचं. अट एकच. दुसरं काही पोटात जाता कामा नये, झाडपाला तर मुळीच नाही. सरांनी अंगणातली चूल मोडली आणि स्वतः घरोघर जाऊन सांगितलं की काढा बंद करा, निदान ज्यांच्या अंगावर सूज आहे त्यांनी तरी. "जास्त झाली की मरतो माणूस. मीच मरतोय, हा घ्या पुरावा."

लोकांनी ऐकून घेतलं. सर वळले की म्हणायचे, "गोल्यांनी डोस्का फिरलाय सरांचा." एक जण तर माझ्यासमोरच म्हणाला, "परतिकारशक्ती कमी कराची गोली? असा कोन डॉक्टर देतो? मुंबईवाल्यांनी उंदीर केलाय आपल्या सरांचा." मला असा संताप आला! ज्या माणसाने तुम्हाला विचार करायला शिकवलं, त्याचा खोटा धडा तुम्ही पाठ केलात आणि खरा धडा आला तेव्हा तो वेडा ठरला.

गोळ्यांनी सरांचा चेहरा फुगला. काकू, म्हणजे त्यांची बायको, मला म्हणाल्या, "ताकद काढून घेतायत त्या गोल्या. माणूस बघ कसा झालाय." मी त्यांना समजावलं. त्यांनी मान हलवली आणि मला भाकरी वाढली.

आकडे उतरेनात. उलट प्रत्येक खेपेला मूत्रपिंडाचं काम आणखी खाली. डॉक्टरीणबाई फोनवर चिडायच्या, गोळ्या चुकवतात का विचारायच्या. सर एकही चुकवत नव्हते. मग त्यांना घाटवाट उतरवेना, तेव्हा रक्त घ्यायला मीच वाडीवर जाऊ लागलो.

असाच एकदा पडवीत बसलो होतो. काकूंनी सरांपुढे त्यांचा चहा ठेवला, कोरा, गूळ आणि गवती चहा घातलेला, आणि त्या माझा करायला आत गेल्या. सरांना कपाकडे बघवेना. "तोंडाला चव नाय रे. सगळंच लोखंडासारखं लागतं. तूच पी हा, ती येईल तोवर रिकामा दिसू दे."

मी घोट घेतला. गुळाच्या मागून तो कडूपणा आला आणि जिभेच्या मुळाशी जाऊन बसला.

मी उरलेला चहा एका दमात संपवला. पण सरांनी जन्मभर पोरांचे चेहरे वाचले होते. ते माझ्याकडे बघत राहिले, मग कपाकडे, मग परसातल्या कडुनिंबाकडे. आतून स्टोव्हचा आवाज येत होता.

"रोज देते," ते हळूच म्हणाले. "चहा ती मला रोज देते."

"सर, मी काकूंना सांगतो."

"नाय." माझं मनगट त्यांनी इतकं घट्ट धरलं की मी चपापलो. "मुंबईला फोन कर. सांग, ह्या माणसाचं रक्त शुद्ध नाय, नाव काढून टाका. खोटा पुरावा नको त्यांच्याकडे. आणि हिला ह्यातलं अक्षर बोलायचं नाय. कधीच. मीच शिकवलंय तिला. रोज अंगणात ओरडून ओरडून मीच शिकवलंय."

काकू माझा चहा घेऊन आल्या. सरांचा कप रिकामा बघून त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते मी आजही विसरलेलो नाही. ते आठवलं की मला रडू येतं आणि रागही येतो, आणि राग नेमका कुणाचा ते कळत नाही.

मी फोन केला. "मग त्यांचे नमुने धरता येणार नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"काढ्यामुळेच झालं का हे?"

"शक्यता आहे. पण सांगता नाही येणार. काहींना गोळ्या तशाही लागू पडत नाहीत."

म्हणजे पुरावा नाहीच. सरांच्या वाट्याला तोही आला नाही. त्यांनी हौसेने दिलेलं सगळं रक्त वाया गेलं, आणि माझं मन म्हणतं, माणूसही वाया गेला. पुढचा चहा सर न पिता परसात ओतायचे, असं त्यांनीच मला सांगितलं. पण तोवर उशीर झाला होता. महाडला डायलिसिस सुरू झालं. पोरं त्यांना डोलीतून रस्त्यापर्यंत आणायची. दिवाळी झाली आणि एका सकाळी मशीनला लावायच्या आधीच सर गेले.

बाराव्याला मी वाडीवर गेलो. बायका पडवीत काकूंना धरून बसल्या होत्या. मला बघताच काकू म्हणाल्या, "ये रे बाला. तुला म्हणून सांगते. त्या गोल्यांच्या भरवशावर ऱ्हायलो असतो तर दिवाली नसती बघितली त्यांनी. मी रोज चायमधून काढा देत होते. त्यांना ठावंच नव्हता."

सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. काकू माझ्याकडे बघत होत्या. सरांना शब्द दिलेला होता. "बरं केलंत काकू," मी म्हणालो. "तुमच्यामुळेच एवढे तरी राहिले."

हे ऐकून एक बाई पुढे सरकली. तिच्या नवऱ्याचे पाय सुजत होते आणि सकाळी तोंडही फुगत होतं. काकू उठल्या, डोळे पुसले, परसात गेल्या आणि तिला आपल्या हाताने हातभर वेल तोडून दिली.

ती निघाली तसा मी तिच्या मागोमाग उतरलो. वाडी मागे पडल्यावर तिला गाठलं. "ताई, ती वेल फेकून द्या. उद्या नवऱ्याला घेऊन महाडला या, मी लघवी तपासतो. फुकट तपासतो."

तिने वेल पदराआड घेतली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या घराच्या मुळावरच उठलोय.

"असा काय बोलता?" ती म्हणाली. "आता तुम्हीच नाय का बोललात, सर ह्याच्यावर जगले म्हनून?"