नोंद नसलेली स्कूटर

निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण पावणे गावच्या त्या स्कूटरचं प्रकरण आठवलं की मला आजही हसू येतं.

पोलीस ठाण्यात तक्रारदार रडत येतात, भांडत येतात. या बाई होणाऱ्या जावयाचं मनगट धरून आल्या होत्या.

"साहेब, यानं माझी गारी इकली. याला आत टाका!"

बाई पावणे गावच्या. आसपासच्या कारखान्यांत जेवणाचे डबे पोचवायच्या, आणि सगळा धंदा एका पांढऱ्या स्कूटरवर चालायचा. आदल्या दिवशी खांदा दुखत होता म्हणून त्यांनी नावडे गावच्या या होणाऱ्या जावयाला डबे घेऊन पाठवलं. पोरगा परत आला तो पायी. लग्न तोंडावर आलेलं, पत्रिका वाटून झालेल्या, आणि बाईंनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की गाडी मिळाली नाही तर हे लग्न मोडलं.

गाडी चोरीला जाते, तशी रस्त्यात उभी असली तर आमचेच लोक उचलूनही नेतात. म्हणून गुन्हा दाखल करण्याआधी मी उचललेल्या गाड्यांच्या नोंदी पाहिल्या. आरसी बुक समोर ठेवून कॉम्प्युटरवर स्वतः नंबर टाकला. उत्तर आलं, 'नोंद नाही'.

तेवढ्यात खबऱ्याचा फोन आला. तळोज्याच्या एका गॅरेजात पांढरी स्कूटर रंग बदलायला आली होती. पोराचं नावडे गाव तिथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे माझा संशय पक्का झाला. पथक धावत गेलं. स्कूटर निघाली गॅरेजवाल्याच्या मेहुण्याची, आणि मेहुणा तिच्यावरच बसून वडापाव खात होता.

मग पोराची चौकशी. खोटं बोलणारा माणूस न विचारता तपशील देत सुटतो, हा माझा अनुभव. हा मात्र एकाच वाक्याला चिकटून होता. "कंपनीच्या गेटसमोर गारी लावली, आत डबं दिलं, भायेर आलो तं गारी नाय."

"कोणाला विकलीस?" मी आवाज चढवला.

"साहेब, इकायचीच असती तं लग्न झाल्यावर इकली असती ना!"

चेहरा कडक ठेवणं मला जड गेलं.

दुपारी नवरी मुलगी आली. महाप्याला सॉफ्टवेअर कंपनीत कामाला, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच लटकत होतं. "आई, आधी त्याचा हात सोड," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "सर, तुम्ही सर्च कसा केलात, एकदा दाखवता?"

मी पुन्हा नंबर टाकला. तिने स्क्रीनकडे पाहिलं. "नोंदी तुम्हीच टाकता?"

"नाही. गाड्या ठेवतो त्या मैदानावरचे हवालदार टाकतात."

"मग एकदा स्मॉलमध्ये टाकून बघू." तिने तोच नंबर लहान अक्षरांत टाकला, आणि स्कूटर हजर! कंपनीच्या गेटसमोर अडथळा करते म्हणून आमच्याच लोकांनी उचलली होती. मुलगी टाळ्या वाजवत उठली. पोराने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि तो हसतोय की रडतोय ते कळेना.

मी हवालदारांना बोलावून घेतलं. साताऱ्याकडचा साधा माणूस. "साहेब, सोसायटीच्या ग्रुपवर मी समदं कॅपिटलमधी लिवायचो. सेक्रेटरी म्हनले, काका, वरडताय कशाला? तवापास्नं म्या कुटंबी बारीक अक्षरातच लिवतो. नंबर तरी कशाला वरडून सांगायचा?"

अख्खं ठाणं हसलं. मुलीने आम्हाला समजावलं, "कॉम्प्युटरला मोठा ए आणि छोटा ए म्हणजे दोन वेगळी अक्षरं. म्हणून तुलना करण्याआधी दोन्हीकडचा मजकूर एकाच प्रकारात बदलून घ्यायचा, सगळा कॅपिटल नाहीतर सगळा स्मॉल. मग कुणी कसंही टाईप करू दे. एका ओळीचं काम आहे." तो प्रोग्रॅम बनवणाऱ्याला तिने माझ्यासमोरच फोन लावला आणि ती ओळ घालायला लावली. हरवल्याची तक्रार असलेल्या कितीतरी गाड्या पुढच्या आठवड्यात मैदानातच सापडल्या आणि आमच्या टेबलावर पेढ्यांचे पुडे जमले.

बाई बराच वेळ पदराशी चाळा करत उभ्या होत्या. माफी मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. शेवटी त्यांनी स्कूटरची किल्ली पोराच्या हातात ठेवली. "जावयबापू, उद्याचं डबं पन तुमीच न्या. पन गारी कुनाच्या गेटसमोर लावू नका."

लग्नाला आम्ही पाळीपाळीने जाऊन जेवून आलो. परत येताना मात्र मी विचार करत होतो. बाईंचं म्हणणं मी पाणी देऊन, शांतपणे ऐकलं होतं, आणि पोराचं आवाज चढवून. एक मोठ्या अक्षरांत, एक छोट्या, अशी दोन म्हणणी पडताळून कशी जुळणार? तेव्हापासून नोकरी संपेपर्यंत मी दोन्ही बाजूंना सारखी खुर्ची दिली आणि सारख्याच आवाजात प्रश्न विचारले. बरेच तक्रार अर्ज गुन्हा दाखल न होताच मिटले, आणि खरं सांगतो, आरोपी पकडल्यावर झाला नसेल एवढा आनंद मला ते मिटताना झाला.