दत्ताची डावी खुर्ची

मी एकदा एकशे ऐंशी प्रवाशांचं विमान नांदेडजवळ गोदावरीत घातलं. प्रवासी खोटे होते, विमान खोटं होतं, नदीही कॉम्प्युटरच्या पडद्यावरचीच होती. खरं होतं ते फक्त मागं येऊन उभ्या राहिलेल्या दत्ताचं तोंड. तो रागावला नाही. दत्ता कधी रागवायचाच नाही, आणि माझं त्याच्याशी जे काही आतून वाकडं होतं, त्यातलं निम्मं यामुळंच होतं.

गेल्या महिन्यात दत्ताच्या बायकोचा, सुलभावहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले," एवढंच बोलल्या. त्या वेळी मी लातुरात क्लासच्या नव्या फलकासाठी फोटो निवडत होतो. पोरांचे नव्हे, स्वतःचा. फोन ठेवला आणि डोळ्यांपुढं पहिल्यांदा आलं ते नदीत गेलेलं विमान... आणि त्याच्या मागोमाग, लाज वाटते पण लिहितो, त्या पडद्यासमोरची डावी खुर्ची. आता ती रिकामी झाली, हा विचार मला रडू यायच्या आधी आला.

आमची ओळख लातूरच्या एका भाड्याच्या खोलीतली. दत्ता जळकोटचा, मी मुखेडचा. दोघंही फिजिक्स शिकून नोकरी शोधत होतो आणि तोवर एका सरांच्या शिकवणीत पोरांचे पेपर तपासून देत होतो. भूकंप झाला त्या पहाटे आम्ही त्याच खोलीत झोपलेलो. जमीन हलली, फळीवरची भांडी अंगावर आली, मी उडी मारून बाहेर पडलो आणि रोजच्या सवयीनं दाराला बाहेरून कडी घातली. आत दत्ता. तो आतून दार बडवून राहिला आणि मी गल्लीभर 'बाहेर पडा, बाहेर पडा' म्हणत लोकांचे जीव वाचवत फिरलो. परत आलो तेव्हा कुठं लक्षात आलं. गुपचूप कडी काढली आणि म्हणालो, "हादऱ्यानं अडकली वाटतं." दत्ता घामानं भिजलेला. कडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "हाव, अडकली असंल." विषय संपला. निदान मला तसं वाटलं.

आमच्या खोलीला नुसता एक तडा गेला होता. तिकडं औसा-उमरग्याकडं गावंच्या गावं झोपेत गेली होती. दत्ता तिसऱ्या दिवशी तिकडं गेला आणि पत्र्याच्या शेडमध्ये पोरांना शिकवत सात-आठ महिने तिकडंच राहिला. त्याच महिन्यांत मी क्लास काढला. त्यानंतर लोक दत्ताचं नाव काढताना आवाज खाली आणायचे, आणि माझं नाव काढताना 'बॅच कधीची हाय?' विचारायचे. माझ्या हेव्याची जन्मतारीख कुणी विचारली तर मी तीच सांगेन.

पुढं लातुरात क्लासचं पीक आलं. गावोगावची पोरं पत्र्याच्या पेट्या घेऊन एसटीतून उतरायची, घराघरांतून खोल्या भाड्यानं लागल्या, चौकाचौकांत गुणवंतांचे फोटो झळकायला लागले. दत्ता परत आला आणि माझ्याच क्लासात शिकवायला लागला. मी शिकवताना फळा भरायचा, पोरं माना डोलवायची, मी खडू झटकत बाहेर पडायचो. मग हीच पोरं दत्ताच्या दाराशी रांग लावायची. का, म्हणून मी एकाला विचारलं, तर तो निरागसपणे म्हणाला, "सर, तुमचं लिहून घेतो, अन् त्यांच्याकडून समजून घेतो." त्या पोराला मी पुढच्या बाकावरून मागं बसवलं. धंदा अगदी भरात असताना दत्तानं नांदेडला ज्युनिअर कॉलेजात नोकरी धरली. वहिनी तिथंच रेल्वेच्या ऑफिसात होत्या. फलकावर तुझाही फोटो लावतो, असं मी त्याला सांगून पाहिलं. माझ्यापेक्षा थोडा लहान ठरवला होता, ते सांगितलं नाही. तो हसला आणि गेला.

नांदेडच्या घरात त्यानं विमान आणलं. म्हणजे विमान उडवायचा खेळ असलेला एक कॉम्प्युटर, विमान वळवायची एक दांडी, आणि समोर दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या. डावी कप्तानाची, उजवी सहवैमानिकाची. दर रविवारी साडेचारला त्याचं विमान मुंबईहून नांदेडला निघायचं, आणि मी लातूरहून जाऊन उजव्या खुर्चीत बसायचो. आम्हा लोकांना वाटतं, विमान उडवणं म्हणजे दांडी ओढणं. दत्ताचं सगळं काम दांडी सोडल्यावर सुरू व्हायचं. आधी मार्ग भरायचा, एकेक ठिकाण, अक्षर न अक्षर, आणि भरलेलं मोठ्यानं वाचायचं. विमान वर गेलं की स्वयंचलित यंत्रणा लावायची. दिशा वेगळी सांगायची, उंची वेगळी सांगायची, वेग वेगळा. आणि प्रत्येक बटण दाबल्यावर दत्ता हाताकडं न बघता पडद्याच्या वरच्या पट्टीकडं बघायचा. तिथं विमान आत्ता खरोखर काय करून राहिलं आहे, ते हिरव्या अक्षरांत उमटायचं.

पहिल्याच रविवारी त्यानं मला मार्ग भरायला दिला. मी सुरेख भरला आणि हाताची घडी घालून बसलो. विमान सरळ निघालं ते निघालंच, वळेना. मी म्हणालो, मशीन बिघडलं. दत्ता म्हणाला, "मार्ग भरलास. त्या मार्गानं जा, असं कुठं सांगितलंस त्याला? अन् नुसतं सांगून भागत न्हाई परभ्या, त्यानं ऐकलं का ते वर बघ." तेव्हा मला त्या मागच्या बाकावर बसवलेल्या पोराची आठवण झाली. मी आयुष्यभर बटणं दाबली, हा आयुष्यभर वर बघत आला, एवढाच आमच्यातला फरक. तो मला तेव्हाच कळला होता आणि मुळीच आवडला नव्हता.

मग मी हेवा करणारी माणसं जे करतात ते केलं. लातूरच्या घरी त्याच्यापेक्षा मोठं विमान आणलं. तीन पडदे, खरं वाटावं असं स्टिअरिंग, पायाखाली पेडल. आठव्या दिवशी त्या स्टिअरिंगवर माझा टॉवेल वाळत होता. एकदा मी क्लासवाल्यांच्या सहलीतून खऱ्या विमानानं परदेशी जाऊन आलो आणि मुद्दाम वाट वाकडी करून नांदेडला गेलो. म्हणालो, काल तीन तास खऱ्या विमानात होतो. दत्ता खुर्ची ओढून पुढं आला, डोळे असे चमकलेले. उतरताना पंखांच्या पट्ट्या किती वेळा बाहेर आल्या, चाकांचा आवाज आधी आला की नंतर, वळण केवढं मोठं घेतलं... मी काय सांगणार? मी तोंड उघडं टाकून झोपलो होतो. तो स्वतः कधीच विमानात बसला नाही. तिकीट काढून देतो म्हणालो तर म्हणाला, "मागं बसून काय करू?"

डावी खुर्ची मात्र त्यानं मला कधी दिली नाही. मी आडून मागितली, सरळ मागितली, एकदा आधीच जाऊन बसलो. तो शांतपणे स्वयंपाकघरात जाऊन चहा पीत बसला. चहा संपेपर्यंत मीच उठलो.

आणि मग तो गोदावरीचा रविवार. विमान नांदेडच्या जवळ आलेलं, उतरायची तयारी चाललेली. तेवढ्यात गॅस सिलिंडरवाल्यानं हाक मारली. दत्ता उठता उठता म्हणाला, "चार हजार फुटांवर लाव, मी आलोच." आता तो चार म्हणाला म्हणून मी चार लावायचे? मी पण फिजिक्सचाच मास्तर. विचार केला, हजार फूट म्हणजे पुष्कळ, शंभर मजले होतात. एवढ्या खाली आणून ठेवतो, परत आल्यावर बघू दे, याला म्हणतात सफाई. हजार लावले. विमानानं मुकाट ऐकलं. वरच्या पट्टीत तसं उमटलंही, त्या दिवशी मी आठवणीनं वर बघितलं होतं. नदी जवळ यायला लागली. यंत्रातला आवाज इंग्रजीत बजावायला लागला, वर ओढा, वर ओढा. मी दिसेल ते बटण दाबलं. त्यातल्या एकानं दिवे लागले.

दत्ता मागं येऊन उभा राहिला. पडद्यावर सगळं थांबलेलं. "हजार लावलेस?" मी मान हलवली. "परभ्या, ही उंची समुद्रापासून मोजतात. आपलं नांदेडच बाराशे फुटांवर हाय." म्हणजे विमान मी जमिनीच्या दोनशे फूट आत न्यायला सांगितलं होतं, आणि तेही बिचारं निघालं होतं. 'उंची कुठून मोजली ते आधी लिहा', हे वाक्य माझ्या क्लासच्या नोट्समध्ये पहिल्या पानावर चौकटीत छापलेलं आहे. हजारो पोरांनी ते पाठ केलं. मीही उंची आपल्याच पायाखालून मोजत आलो, विमानाची आणि दत्ताचीही. दत्ता एवढंच म्हणाला, "ये, चहा पी." त्यानं दोन शिव्या घातल्या असत्या तर मी त्याचा जन्माचा ऋणी झालो असतो.

तो गेला तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. चौदावा झाल्यावर, पाहुणे पांगल्यावर, एका रविवारी पुन्हा गेलो. दुःख होतं, नव्हतं असं नाही. गाडीत लातूरपासून त्याच्याच आठवणी काढत होतो. पण अहमदपूर मागं पडल्यावर मनात वाक्यंही जुळवत होतो, की वहिनी, दत्ताची आठवण म्हणून ते विमान मी नेऊ का... आणि नेलं की डाव्या खुर्चीत बसणार, हे मला तिथूनच दिसत होतं.

वहिनींनी चहा दिला, घड्याळाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "चला, साडेचारचं हाय." आतल्या खोलीत जाऊन त्या डाव्या खुर्चीत बसल्या. सहज बसल्या, ओट्यापुढं उभ्या राहतात तशा. चष्मा लावला, दत्ताच्या हातची एक वही मांडीवर घेतली आणि मार्ग भरायला सुरुवात केली. एकेक ठिकाण मोठ्यानं वाचून. मी उजव्या खुर्चीत. आठवड्यातले बाकीचे सहा दिवस दत्ता त्यांना शिकवत होता, हे मला त्या दिवशी कळलं. विमान वर गेलं. त्यांनी बटण दाबलं, आणि हाताकडं न बघता वर बघितलं. अगदी त्याच्यासारखी हनुवटी उचलून. मी इथं खरं तेच लिहितो, त्या क्षणी मला पुन्हा हेवा वाटला. नवरा गेलेल्या बाईचा हेवा करणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल, तर लातूरला या, फलकावर माझा फोटो आहे.

वहिनींनी वही माझ्या हातात दिली. "पुढचं तुम्ही वाचा, मी करते." मी वाचत गेलो. दत्ताचं ते गोल, सुटं अक्षर, फळ्यावर असायचं तसंच. उतरायला कुठून सुरुवात करायची, वेग कुठं कमी करायचा, प्रत्येक ओळीखाली 'वर बघ'. अगदी ठरल्या मिनिटाला त्यांनी विमान नांदेडच्या धावपट्टीवर टेकवलं. नदी बाजूनं शांत वाहत राहिली. वहिनींचा हात बराच वेळ दांडीवरच होता.

काहीतरी करायचं म्हणून मी वहीची पानं चाळली. सगळीकडं उंची, वेग, दिशा, ठिकाणांची नावं. माणसाचं नाव कुठं नाही. आणि शेवटाकडच्या एका पानावर, अगदी वरच, त्याच अक्षरात लिहिलेलं, 'प्रभाकर'. पुढं बारीक कंसात, 'कडी एकदा बघणे, उंची दोनदा बघणे'.

कडी... म्हणजे त्या पहाटेपासून हा गडी जाणून होता, आणि तरी दर रविवारी शेजारची खुर्ची माझ्यासाठी पुसून ठेवत होता. माझे डोळे भरून आले. पण जित्याची खोड जात नाही. अख्ख्या वहीत माणसाचं नाव एकच, आणि ते माझं. वहिनींचंसुद्धा नाही. मी डोळे पुसत, जरा ऐटीतच, पान त्यांच्यापुढं धरलं आणि म्हणालो, "बघा वहिनी, दत्ताच्या वहीत नाव असलेला मी एकटाच हाय."

वहिनींनी चष्मा काढला, पदरानं पुसला. मग हात लांबवून मागचं पान उलटून दाखवलं. तिथं वर ठळक मथळा होता आणि खाली पान भरून यादी. वीज जाणे. कीबोर्डवर मांजर बसणे. सिलिंडरवाला येणे.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "ही यादी धोक्यांची हाय."