गप्प झालेला टॅपेट

खालापूरच्या आमच्या कचेरीत दुपारचे डबे नुकते उघडले होते, तेवढ्यात मनीषाचा फोन आला. "वंदनाताई, आप्पा गेले..." एवढंच बोलली आणि तिच्या वहिनीनं फोन घेतला. सकाळी चहा पिऊन गॅरेज उघडायला निघाले, दारातच बसले आणि तिथंच संपलं. मी तशीच उठले, मोटरसायकलला किक मारली आणि कडावची वाट धरली. रस्ताभर गाडी कुठं अडखळली नाही. ती अशी चालायला लावणाऱ्या माणसाकडेच मी शेवटची निघाले होते...

सुदामकाका, म्हणजे मनीषाचे आप्पा, कडावच्या बाजारात मोटरसायकली दुरुस्त करायचे. घरची भातशेती. शेतावरचा पाण्याचा पंप खोलता खोलता हात इंजिनाला सरावला, तो सुटला नाही. जुन्या, जड, साडेतीनशे सीसीच्या गाड्या खोपोलीपासूनची माणसं त्यांच्याकडे आणत. माझी गाडी तसलीच, वडिलांची. ते गेल्यावर दोन वर्षं गोठ्यात उभी होती. ती मी चालवणार म्हटल्यावर घरचे, शेजारचे सगळे हसले. काका हसले नाहीत. गाडी माझ्यासमोर उभी केली आणि म्हणाले, "किक मार. लागली तर गाडी तुझी हाय." सातव्या की आठव्या किकला लागली.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. गाडी चालताना इंजिनातून टकटक असा आवाज यायचा. मॅडम येताहेत हे लांबूनच कळतं, म्हणून कचेरीत चेष्टा व्हायची. मी काकांना म्हटलं, हा आवाज बंद करा. त्यांनी समजावलं. इंजिनातले व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी झाकणं, लांब दांड्यांनी उघडतात, आणि त्या दांड्यांना खालून ढकलतो तो टॅपेट. तिथं केसभर मोकळीक सोडावी लागते, कारण लोखंड तापलं की वाढतं. "थोडा वाजायलाच पायजे गं तो." मी ऐकलं नाही. दर खेपेला तेच टुमणं लावलं, आणि एके दिवशी त्यांनी कंटाळून टॅपेट आवळून दिला. गाडी गप्प झाली. मला कोण आनंद!

महिनाभरात पळसदरीच्या चढाला गाडीचा दम सुटायला लागला. सायलेन्सरमधून फटाके वाजायचे, किक पोकळ लागायची. काकांना तोंड दाखवायला मला कसंसंच वाटलं, म्हणून हमरस्त्यावरच्या एका मोठ्या गॅरेजात नेली. तिथल्या माणसानं दहा मिनिटांत निकाल दिला, इंजिन संपलं. पळसदरीला फार्महाऊस बांधलेले एक गृहस्थ ती शोभेला ओट्यावर ठेवायला न्यायला तयार झाले. मी होही म्हटलं. पण गाडी देण्याआधी एकदा काकांना दाखवावी असं वाटलं, आणि त्या गृहस्थांना मी रविवारी सकाळी कडावलाच बोलावलं.

काकांनी प्लग काढला, त्या भोकातून चमचाभर तेल आत सोडलं, प्लग परत लावून किक दाबून पाहिली. तेवढीच पोकळ. "पिस्टनच्या रिंगा चांगल्या हायत. रिंगा गेल्या असत्या तर तेलानं किक जड झाली असती. हवा वरनं जातेय." वरनं म्हणजे व्हॉल्व्हमधून. मग त्यांनी बाजूचं छोटं झाकण खोललं, पिस्टन वर आणला आणि मला म्हणाले, "दोन्ही दांड्या बोटांनी फिरव." एक सहज फिरली. दुसरी जागची हलेना, केसभरही मोकळीक नव्हती. काकांनी ती स्वतः फिरवून पाहिली. आजूबाजूला तीन-चार गिऱ्हाइकं होती, फार्महाऊसवाले गृहस्थही येऊन उभे होते. सगळ्यांना ऐकू जाईल असं काका म्हणाले, "ही माझी चूक हाय."

"काका, मीच मागे लागले होते..."

"तू मागं लागलीस. पाना माझ्या हातात होता."

इंजिनाचा वरचा भाग, हेड, उतरवल्यावर दिसलं. धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हची कड जळून, उंदरानं भाकरी कुरतडावी तशी खाल्ली गेली होती. आवळलेल्या टॅपेटमुळे तो नीट मिटतच नव्हता. एक गिऱ्हाईक आपली गाडी ढकलत निघून गेलं. काकांनी अडवलं नाही. (पावसाळ्यानंतर ते परत आलं, हे मी पाहिलं आहे.) ते गृहस्थ म्हणाले, "म्हणजे ही चालेल?" काका म्हणाले, "चालंल. ओट्यावर उभी राहायला नाय बनली ती."

व्हॉल्व्ह नवा आणला. पुढच्या रविवारी काका तो जागेवर पेस्ट लावून घासत बसले, दोन तळव्यांत रवीसारखी काठी फिरवत. मग गळतंय का बघायला वरून रॉकेल ओतून अर्धा तास थांबले. थेंबही गळला नाही. संध्याकाळी मी पळसदरीचा चढ गिअर न बदलता चढले आणि वर जाऊन एकटीच मोठ्यानं हसले. त्यानंतरचे माझे बहुतेक रविवार त्या गॅरेजात गेले. काका शिकवायचे नाहीत, हातात पाना द्यायचे.

तेराव्यानंतर मनीषाचा पुन्हा फोन आला. गॅरेजात एका दूधवाल्याचं इंजिन आप्पांनी उघडून ठेवलं होतं. त्याचे दुधाचे कॅन रोज भाड्याच्या टेंपोनं जात होते, आणि बिचारा विचारायलाही लाजत होता. मनीषा कर्जतला औषधाच्या दुकानात कामाला, पण वाढली त्याच गॅरेजात. आम्ही दोघींनी शटर वर केलं. टेबलावर एक पुठ्ठा होता. त्याला भोकं पाडून काकांनी व्हॉल्व्ह, स्प्रिंगा, दांड्या ज्या क्रमानं काढल्या त्याच क्रमानं खोचल्या होत्या. प्रत्येक भोकाशेजारी पेन्सिलीनं लिहिलेलं, 'आतला', 'बाहेरचा', 'हा उलटा नको'. आम्ही एकेक उचलत गेलो, वाचत गेलो, बसवत गेलो. कुठं थांबून कुणाला विचारावं लागलं नाही. दुपारपर्यंत पुठ्ठ्यावर एकही तुकडा उरला नाही. इंजिन तिसऱ्या किकला लागलं. दूधवाला गाडी घेऊन गेला. मी पुठ्ठा टाकायला उचलला, तशी मनीषानं तो माझ्या हातून घेतला, त्यावरची धूळ पुसली आणि म्हणाली, "ताई, येत्या रविवारी दुसरी गाडी येतेय."