म्हाताऱ्याला उठवायचं कसं

माणूस भेटला की ती आधी त्याच्या पायांकडे बघते. कुणी खुर्चीतून उठायला लागलं की ओठातल्या ओठात आकडे मोजते. बोलता बोलता समोरच्याच्या मानेची नक्कल करते आणि पकडली गेली की डास चावल्यासारखी मान खाजवते. सांडलेलं पाणी पुसायच्या आधी ते कसं पसरतं हे बघून घेते.

हॉस्पिटलच्या वॉर्डात तिला सगळे मावशी म्हणतात. वय चोवीस. ऐंशी वर्षांचे आजोबासुद्धा “मावशी, जरा उठवता का?” म्हणतात आणि ती उठवते. सकाळी सात ते तीन हेच काम. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर. चार वाजता ती घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून ॲनिमेशनच्या ऑनलाइन वर्गाला बसते. चित्रातल्या माणसाला चालवायचं, हसवायचं, दमवायचं, असा हा अभ्यास. दीड वर्ष झालं.

शेवटचं काम होतं, एका पात्राने दुसऱ्याला उठवायचं. बारा सेकंद. यात पास झालं तर ॲनिमेशनच्या स्टुडिओत नोकरी. बाकीच्यांनी कड्याला लोंबकळणारे वीर घेतले. हिने खुर्चीतला म्हातारा घेतला. हा तर तिच्या हातचा मळ.

नमुन्यासाठी तिने भावाला खुर्चीत बसवलं आणि आईच्या हातात मोबाइल दिला.

“अंग सोड,” ती म्हणाली.

“सोडलंय की.”

“पोट आत ओढलंयस.”

“फुकटचा म्हातारा मिळालाय, तोही देखणा चालत नाही,” भाऊ म्हणाला. आई हसली, मोबाइल हलला. पुन्हा पहिल्यापासून.

तीन आठवडे ती त्या बारा सेकंदांना चिकटून होती. तिचं पात्र म्हाताऱ्याच्या गुडघ्याला गुडघा टेकवतं, कमरेशी हात घालतं आणि थांबतं. म्हातारा स्वतः पुढे झुकेपर्यंत थांबतं. मग दोघं एकदम उठतात.

सरांनी वर्गासमोर ते एकदाच बघितलं. “यात ताकद कुठंय? हात धरून खेचू दे. म्हातारा लटपटू दे. वजन दिसलं पाहिजे.”

आयुष्यात कुणाच्या खाटेशी उभा न राहिलेला माणूस तिला वजन शिकवत होता.

“सर, तसं खेचलं तर खांदा निखळतो.”

“चित्रातल्या म्हाताऱ्याचा?”

वर्ग हसला.

“तुम्ही कधी कुणाला उठवलंय का, सर?”

“रविवारपर्यंत दुरुस्त करून पाठवा,” सर म्हणाले. “नाहीतर राहू द्या.”

गेल्याच महिन्यात वॉर्डातल्या एका आजींना त्यांच्या जावयाने असंच मनगट धरून उठवलं होतं. आजींचा हात अजून गळ्यात आहे. “सगळीकडे असंच तर दाखवतात,” जावई म्हणाला होता. बिचारा खोटं बोलत नव्हता.

रविवारी आई म्हणाली, “कर की बाई एकदा त्यांच्या मनासारखं. तुझ्या म्हाताऱ्याला थोडंच दुखणार आहे?”

ती बसली. तिसऱ्या सेकंदापुढचं सगळं पुसलं. पात्राचा हात कमरेवरून काढला, म्हाताऱ्याच्या मनगटावर ठेवला. बोटं मिटवली. आता फक्त खेचायचं होतं.

मुदत संपली. फाइल तिच्या लॅपटॉपवर तशीच आहे. तिसऱ्या सेकंदाला मनगट धरलेलं. म्हातारा वर बघतोय. पुढचे नऊ सेकंद कोरे.