शेजारचं बटण

ताई वीस वर्षं गिटार वाजवत होती. पण एका कार्यक्रमात, हळुवार गाण्यात गिटारचा आवाज बदलणारं पायाखालचं बटण दाबताना तिच्या बुटाने शेजारचं बटणही दाबलं गेलं आणि स्पीकरमधून कर्कश आवाज फुटला. गाणारा तिचा धाकटा भाऊ माईकवर म्हणाला, "माफ करा, आमच्या ताईचं आता वय झालं." लोक हसले. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी तिने पायाखालची ती बटणांची पाटी टेबलावर घेतली आणि पट्टीने मोजली. बूट चार इंच रुंद, दोन बटणांत अंतर तीनच. मांडणी भावानेच केली होती. रागारागात तिने न लागणारी बटणं बंद केली, मागची रांग लाकडी फळीवर उंच बसवली आणि कर्कश आवाजाचं बटण असं लावलं, की सेकंदभर दाबून धरल्याशिवाय ते चालूच होऊ नये.

पुढच्या कार्यक्रमात मध्यंतरापर्यंत एकही चूक झाली नाही. "बघ, सराव केला की जमतं," भाऊ म्हणाला.

"सराव कसला? तुझी मांडणी चुकली होती. हे माईकवर सांग, मगच मी वाजवेन."

त्याने पडेल आवाजात सांगितलं. याही वेळी लोक हसले. ताईचा राग काही उतरला नाही, पण तिने गिटार उचलली.